ब्रेकचा दिवा आणि वाघोबाचं वळण

माणसाला स्वतःच्या गाडीचा ब्रेकचा दिवा कधीच दिसत नाही. आपल्या हाती फक्त पाय दाबणं असतं. त्याचा उजेड पडला की नाही, हे मागून येणाऱ्यालाच ठाऊक. मोखाड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असताना हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत दोन-तीनदा ऐकवलं होतं आणि दर वेळी कोणीतरी गंभीरपणे मान डोलावली होती. पुढे आमच्या शाळेच्या शिपायाने मला दाखवलं, की गाडी पांढऱ्या भिंतीला पाठ करून उभी केली की तो दिवा आरशात चांगला दिसतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. माझी गाडी नाशिकच्या मेहुण्याने आधी वापरून, मग विसरून, शेवटी मला देऊन टाकलेली. तिचा मागचा उजवा दिवा माझ्याकडे आल्यापासून लागतच नव्हता. डावा लागायचा. श्रावणात एकदा जव्हारहून येताना मागच्या एसटीने जोरात हॉर्न दिला, पुढे जाऊन ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मास्तर, थांबताना सांगत जा की." तेव्हा कळलं की डावाही गेला.

एरवी मी तो तसाच ठेवला असता. पण त्याच आठवड्यात तहसील कचेरीतले अव्वल कारकून शाळेत आले. मंत्रिमहोदय तालुक्याच्या पाहणीला येत होते. आमच्याकडे पावसाळ्यात मुलं दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या की कोणीतरी पाहणीला येतच असे. पाहणी रेस्ट हाउसच्या व्हरांड्यातून होई. यंदा अडचण एवढीच होती की ताफ्यातले सगळे ड्रायव्हर ठाण्याचे. धुक्यात आमचा रस्ता त्यांना दिसणार नाही, आणि कचेरीची जीप गॅरेजात.

"सर, तुमची गाडी पुढे," कारकून म्हणाले. "जव्हारपासून मोखाड्यापर्यंत. रस्ता तुमच्या पायाखालचा."

"माझ्या गाडीला मागे दिवा नाही."

"मग लावा. मागे पायलट जीप, तिच्यामागे साहेब. साहेबांची गाडी धडकली तर तुमची बदली, आणि माझी चौकशी."

हे सगळं शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. तो पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचा. पन्नाशीचा असावा, त्याचं वय शाळेच्या रजिस्टरात एक होतं आणि त्याच्या सांगण्यात दुसरं. त्याच्या पाड्याच्या आणि डांबरी सडकेच्या मध्ये एक ओहोळ होता. त्यावर पूल नव्हता, सागाचं एक खोड आडवं टाकलेलं होतं, आणि आषाढात ते दर वर्षी वाहून जाई. आदल्या वर्षी त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून चौघांनी आणली. ओहोळाच्या पलीकडच्या काठाला ते सकाळपासून दुपारपर्यंत पाणी उतरायची वाट पाहत बसले. सून वाचली. मूल नाही. दुसऱ्या दिवशी त्याने शाळेची घंटा वेळेवर दिली होती, म्हणून आम्हाला ते आठ दिवसांनी कळलं.

आता सून पुन्हा सातव्या महिन्यात होती.

कारकून गेल्यावर तो आत आला. "सर, तुमी पुढं असलात तं मागची सगळी तुमच्या मागंच ना?"

"हो."

"आणि सडक अरुंद. तुमी थांबलात तं ती पण थांबतील."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खडूचे तुकडे गोळा करत होता.

"आमचे ओहोळाजवळ थांबवा. त्यांना उतरायला नका सांगू. नुसतं खिडकीतनं बघितलं तरी होईल."

मला मंत्र्यांच्या खिडकीतून बघण्यावर त्याच्याइतका विश्वास नव्हता. पण नाही म्हणायलाही कारण सापडेना. मी म्हटलं, थांबवू.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो जव्हारला गेला. सोबत जळका बल्ब वहीच्या पानात गुंडाळून दिला होता, नमुना म्हणून. दुपारी परत आला तेव्हा त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. डब्यात नागलीचं पीठ, आणि पिठात गळ्यापर्यंत रोवलेले दोन बल्ब.

"दोन कशाला?"

"एक फुटला तं?"

"आणि पीठ?"

"ते घरनंच नेलं. एसटीत बल्ब कसा आणू, हातात धरून?"

उजव्या दिव्याची तारच तुटलेली होती, म्हणून डावाच घेतला. त्याची लाल काच दोन स्क्रूंवर होती आणि दोन्ही गंजून गाडीशी एकजीव झाले होते. त्यांच्यावर रॉकेल सोडून आम्ही चहा पिऊन आलो. काच निघाली तेव्हा आत कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडलं. शिपायाने ते न मोडता पुठ्ठ्यावर उतरवून घेतलं आणि कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवलं. मग काचपेपरने तो होल्डर घासत बसला. घाई नव्हती त्याच्या हाताला. फळा पुसतानाही तो असाच चारही कोपरे पुसायचा.

बल्ब बसवण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण दहावीला वीज मी शिकवत होतो. त्या बल्बात दोन तारा असतात. एक मंद, ती गाडीचे दिवे लावल्यावर मागे सतत जळते. दुसरी प्रखर, ती ब्रेक दाबला की. मी बल्ब आत ढकलला, फिरवला, बसेना. पुन्हा ढकलला. वर्गात मी मुलांना सांगत असे की वस्तू बळाने नाही, समजुतीने बसवावी. मी बळ लावत होतो.

"सर, त्याचे खिळे बघा," तो म्हणाला. बल्बाच्या पितळी गळ्याला दोन बाजूंना दोन बारीक खिळे होते, एक जरा वर, एक जरा खाली. "उलटा बसू नये म्हणून करतात तसं. दुकानवाल्यानं सांगितलं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी शिकवता ना हे."

मी बल्ब अर्धा वळवून लावला. टिक असा आवाज होऊन बसला.

आता बघायचं कसं? मी आत बसून ब्रेक दाबणार, तो मागे उभा राहून सांगणार, हे सरळ होतं. पण त्याला स्वतःच्या सांगण्याची खात्री पुरेना. "मी हो म्हणेन. उद्या साहेब म्हणतील, कोणी बघितलं? तुमीच बघा. गाडी भिंतीकडं करा."

शाळेच्या भिंतीला पाहुण्यांसाठी नुकताच चुना दिला होता, फक्त सडकेकडच्या. बाकीच्या तीन भिंती ताफ्याला दिसणार नव्हत्या. मी गाडी मागे घेत त्या भिंतीजवळ नेली आणि ब्रेक दाबला. आरशात, पांढऱ्या चुन्यावर, परातीएवढा लाल उजेड पडला. पाय काढला, गेला. पुन्हा दाबला, आला. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे तो फार स्वच्छ दिसत होता. शिपाई भिंतीजवळ गेला आणि त्या उजेडात त्याने हात धरला, शेकोटीला धरतात तसा.

"आधी जरा दाखवा," तो म्हणाला, "मग थांबा. एकदम थांबलात तं मागचा येऊन बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जव्हारहून ताफा निघाला. माझी गाडी पुढे, शेजारी शिपाई, धुतलेली टोपी घालून. मागे पायलट जीप, तिच्यामागे डोक्यावर लाल दिवा घेतलेली मंत्र्यांची गाडी, आणि तिच्यामागे इतक्या गाड्या की आमच्या तालुक्यात एवढ्या गाड्या एका वेळी मी निवडणुकीतही पाहिल्या नव्हत्या. धुकं असं होतं की मला माझ्याच गाडीचं नाक धूसर दिसत होतं. त्या सगळ्या राज्यकारभाराला रस्ता दाखवत होता तो पिठात आणलेला एक बल्ब. हे मी शिपायाला म्हणालो. तो हसला नाही. तो सडकेकडे बघत होता.

ओहोळाच्या जरा अलीकडे एक वळण आहे. वळणावर ऐनाच्या झाडाखाली वाघोबा: शेंदूर माखलेली एक फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. तिथे प्रत्येक ड्रायव्हर गाडी हळू करतो, एक हॉर्न देतो, काच खाली असेल तर नाणं टाकतो. एसटीवाले टाकतात, लाकडाचे ट्रकवाले टाकतात. मी नाणं कधी टाकत नसे. तेवढी माझी वैज्ञानिक दृष्टी शाबूत होती. गाडी मात्र हळू करायचो, कारण वळण खरंच वाईट आहे.

त्या दिवशीही केली. शिवाय शिपायाचं सांगणं डोक्यात होतं, आधी दाखवा, मग थांबा. म्हणून वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि तसाच ठेवून, गोगलगाईच्या चालीने, पुढे ओहोळापर्यंत गेलो आणि थांबलो.

ओहोळावर धुकं जरा विरळ होतं. पलीकडे पाडा उभा होता. बायका लुगडी धुऊन नेसलेल्या. दोन पुरुषांनी खांद्यावर बांबू घेतला होता आणि बांबूला रिकामी झोळी बांधली होती, दाखवायला. खाली पाणी तांबडं, जोरात. खोड नव्हतं.

मी आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आम्ही उतरून वळणापर्यंत चालत गेलो. अख्खा ताफा वाघोबापुढे उभा होता. पायलट जीपच्या ड्रायव्हरला धुक्यात लाल दिवा लागलेला दिसला, बाजूला शेंदूर दिसला, आणि त्याने योग्य तो अर्थ काढला. मंत्रिमहोदय चपला काढून झाडाखाली उभे होते. कोणाच्या तरी डिकीत नारळ होता, तो फुटला. फोटोग्राफर चिखलात गुडघ्यावर बसला होता.

अव्वल कारकून माझ्याजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान. "सर, फार छान केलंत इथे थांबवून. कार्यक्रमात नव्हतं. साहेब खूश आहेत."

शिपाई पुढे झाला. टोपी हातात. "साहेब, पुढं ओहोळ हाय."

"हो हो. पुढे घ्या," कारकून म्हणाले आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी पुष्कळ वर्षं सांगत नव्हतो. मला अजूनही थांबता आलं असतं. मी ओहोळाजवळ माझ्या गाडीत जाऊन बसलो तेव्हा मागे जीप येऊन उभी राहिली, तिच्यामागे लाल दिवा. सडक अरुंद. मी नुसतं काही केलं नसतं, तरी पुरलं असतं. गाडी सुरू होत नाही असं म्हटलं असतं तर माझ्या गाडीबद्दल ते कोणीही मानलं असतं. जीपने एक हॉर्न दिला, मग दुसरा, लांब. कारकुनांचा हात खिडकीबाहेर येऊन हलला. मिरवणुका, सत्कार, हारतुरे यांची मी आयुष्यभर चेष्टा करत आलो. मी गिअर टाकला.

शिपाई गाडीत बसला नव्हता. तो ओहोळाच्या काठाला उभा होता, हातात खोबरं. मंत्र्यांची गाडी त्याच्याजवळून गेली तेव्हा तिच्या काचा वर होत्या. बाहेर पाऊस सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने घंटा वेळेवर दिली. मधल्या सुट्टीत पाण्याचा तांब्या माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाला, "दिवा चांगला लागला पण, सर. लांबनं दिसला सगळ्यांना."

तो टोमणा होता का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायला तो नाही.

गणपतीच्या आधी, पाणी जरा ओसरलेलं बघून, मी त्याला म्हटलं की सुनेला माझ्याकडे आणून ठेव. पडवी रिकामीच असते. त्याने चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी ती, तिची सासू आणि एक कोंबडी अशा तिघी आल्या. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, गाडीनेच नेलं. मुलगी झाली. वाटेत मी किती वेळा ब्रेक दाबला कोणास ठाऊक. मागे कोणी नव्हतं.

पाहणीचा परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही. मंत्रिमहोदयांचा वाघोबापुढचा फोटो छापून आला, आणि दोन वर्षांच्या आत त्या वळणावर वाघोबासाठी पत्र्याचं शेड मंजूर होऊन बांधूनही झालं. खाली सिमेंटचा ओटा, तिन्ही बाजूंना बाकं. ओहोळावर मी निवृत्त होईपर्यंत सागाचं खोडच होतं. पावसात एसटीतून उतरलेली पाड्याची माणसं पाणी उतरेपर्यंत त्या शेडमध्ये बसतात.

शेड गळत नाही.