न कळलेली ओळ

ओल्या फणसाच्या लाकडाचा वास आला की मला महाडच्या बाजारातलं ते हार्डवेअरचं दुकान आठवतं. बाबा सुतार. गिरमिटाने भोकं पाडून त्यांचा खांदा गेला होता, म्हणून स्क्रूसाठी तिरकं भोक पाडणारी विजेची मशीन बघायला आम्ही पोलादपूरच्या वरच्या गावातून आलो होतो. बाबांनी पिशवीत फणसाचा तुकडा आणलेला. "तुमच्याच लाकडावर बघा, माझ्यावर नको भरोसा," दुकानदार चाचा हसून म्हणाले. लहान मशीन अडखळली, मोठीने एका दमात भोक पाडलं. "कागदावर काय लिवलंय ते बघ रे, तू कॉलेजात हायस," बाबा म्हणाले. मशीनसोबतचा माहितीचा कागद इंग्रजीत होता. शेवटची ओळ मला कळली नाही आणि चाचांना विचारायची लाज वाटली. मी म्हणालो, "मोठीच घ्या." घरी आमच्या मंद विजेवर ती नुसती गुणगुणत राहिली, फिरली नाही. डिक्शनरी काढून पाहिलं, तर ती ओळ व्होल्टेजचीच होती: विजेचा दाब कमी असेल तर मोठी मशीन चालणार नाही. बाबांनी मशीन फडक्यात गुंडाळली आणि खांदा चोळत पुन्हा गिरमिट उचललं. "मशीन चांगली हाय, आपली लाइटच दमलीय," ते म्हणाले. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.