उणे एक टाकून बघितलं का?

फळा पुसायला सर डस्टर कधी वापरत नसत. उजव्या तळव्याची कड फळ्यावर घासायचे आणि मग तोच तळवा पँटच्या मांडीवर पुसायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पँटला एकाच जागी पांढरा पट्टा असे. दुपारपर्यंत तो इतका ठळक होई, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून सांगता यावं, आज सरांनी बरंच पुसलंय. पुसून झालं की कुणाकडेही न बघता तो एक प्रश्न यायचा. "उणे एक टाकून बघितलं का?"

'मायनस वन' नाही. उणे एक. मराठी शाळेतला शब्द. स्टाफरूममध्ये त्यावर हसू व्हायचं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कित्येक वर्षांत स्वतः एक प्रोग्राम लिहिला नव्हता, पण उच्चार मात्र चोख होते.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ज्याला काम येतं त्याची खुर्ची संस्थेत नेमकी दाराजवळ, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी लागते तिथे असते. सर बारामतीबाहेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होते. शिक्षण डिप्लोमा. रोज कळसहून मोटरसायकलवर यायचे. कंपायलर हा विषय वेळापत्रकात विभागप्रमुखांच्या नावावर होता आणि शिकवायचे सर. नेमणूक एका वर्षाची. दर जूनला नवं पत्र, तेही विभागप्रमुखांनी शिफारस केली तर. ते पत्र देताना विभागप्रमुखांचा चेहरा असा व्हायचा, की स्वतःच्या मळ्यातला गुंठा तोडून देतायत. सर ते न वाचताच खिशात घालायचे. पण खिशाला बटण लावायचे, हे मी पाहिलंय.

कंपायलर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. उतरवताना तो आपल्या लिखाणातलं पाल्हाळही काढतो. पाल्हाळ काढणं हा सरांचा प्रांत.

"कळसवरनं बारामतीला आलास. आल्या पावली कळसला परत गेलास. आता कुठं हायस?" ते पहिल्या बाकावरच्याला विचारायचे.

"कळसला."

"मग तिकीट कशापायी काढलं? कंपायलर म्हणतो, राव, बसा घरीच." आणि फळ्यावर 'अ अधिक ब वजा ब' असेल त्यातलं पुढचं सगळं तळव्यानं पुसून एकटा 'अ' ठेवायचे.

मशीनमध्ये प्रत्येक आकडा शून्य आणि एकच्या घरांत मांडलेला असतो. असे दोन आकडे घराघरानं ताडून बघायची एक क्रिया असते. जिथे फरक तिथे एक, जिथे सारखं तिथे शून्य. आकडा स्वतःशीच ताडला तर काय येईल, हे सांगायला पाठ्यपुस्तकाला अर्धं पान लागलं होतं. सर म्हणाले, "स्वतःशी भांडून काय हाताला लागतं? शून्य. मग भांडू नका, शून्य लिवा." दुप्पट करायचं तर आकडा एक घर डावीकडे सरकवायचा, निम्मं करायचं तर उजवीकडे. मशीनला गुणण्याभागण्यापेक्षा हे सरकवणं फार सोपं पडतं. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले आणि त्यावरच आज पुण्यात माझी नोकरी चालू आहे.

त्यांच्या तिरस्काराला कुणी वर्ज्य नव्हतं. एकदा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतले साहेब मार्गदर्शनाला आले. शाल, नारळ, पडद्यावर रंगीत चित्रं, दोन तास. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मागच्या भिंतीला टेकलेले सर बोलले, "साहेब, यातली कुठली चित्रं काढून टाकली असती तर काय बदललं असतं?" साहेब हसले. त्यांना वाटलं, कौतुक आहे. विभागप्रमुखांना मात्र कळलं. त्यांनी ते जूनसाठी जपून ठेवलं असणार.

आम्हा मुलांच्या 'चालतंय की, सर'चा तर त्यांना विशेष राग. कुणी तसं म्हटलं की मुलींचं 'बाईसाहेब' आणि मुलांचं 'सरकार' व्हायचं. "तुमच्या हातनं चालतंय, सरकार. दुसऱ्याच्या हातनं चाललं पायजे." एरवी मी 'पोरी' होते.

आता माझ्याकडे येते, कारण या चित्रात मी चांगली दिसत नाही आणि तो भाग झाकायचा असता तर हे लिहायचं कारण नव्हतं.

आम्ही कऱ्हाटीचे. वडील विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतात. आठवी शिकलेत. पाण्यात सोडून, चालवून दाखवल्याशिवाय त्यांनी एकही मोटार आजवर गिऱ्हाइकाच्या हवाली केलेली नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शेवटच्या वर्षी मला पुण्यातल्या नोकरीचं पत्र आलं. अट एकच, त्याच वर्षी पास व्हायचं. आईनं ते पत्र देवापुढे ठेवलं आणि माझी झोप उडाली.

प्रोजेक्ट म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणीनं एक छोटा कंपायलर केला होता. पाल्हाळ काढायचे नियम मी लिहिले. अहवाल द्यायच्या दिवशी, सरांच्या सहीसाठी रांगेत उभं राहण्याआधी तासभर, मी आणखी एक नियम घातला. दोनानं भागायचं दिसलं की भागू नये, एक घर उजवीकडे सरकवावं. यादी तेवढीच भारदस्त दिसेल म्हणून.

सरांचं बोट यादीवरून उतरत त्या शेवटच्या ओळीवर थांबलं. "उणे एक टाकून बघितलं का?"

"व्हय सर," मी म्हणाले.

बघितलं नव्हतं. शंभर टाकून बघितलं होतं, पन्नास आले होते. सरांनी वर पाहिलं, माझ्याकडे, आणि सही केली. त्यांनी तपासलं का नाही, असं तुम्ही विचाराल. जो माणूस ओळीओळीवर संशय घ्यायचा, तो माणसानं 'व्हय' म्हटलं की पुढे विचारत नसे. हा त्यांचा एकच कच्चा नियम होता आणि तो मी मोडून दाखवला.

परीक्षेला बाहेरून पुण्याचे परीक्षक आले. शेजारी विभागप्रमुख, दारात सर. आमचा नमुन्याचा प्रोग्राम साधा होता. दिलेला आकडा शून्य होईपर्यंत निम्मा करत जायचा आणि किती वेळा केला ते सांगायचं. परीक्षकांनी शंभर दिला, उत्तर आलं. हजार दिला, आलं. मग त्यांनी सहज उणे पाच टाकला.

पडदा थांबला. कर्सर लुकलुकत राहिला. मैत्रिणीनं कळ दाबली, पुन्हा दाबली. विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "यावर तुमची सही आहे ना? तुम्ही तर सगळं तपासून घेता म्हणे."

सरांनी एवढंच सांगायचं होतं, की हिला विचारलं होतं, ही व्हय म्हणाली. खरंच होतं ते. मी खाली बघत त्याचीच वाट पाहत होते. वडिलांच्या दुकानासमोर पाण्यात सोडलेली मोटार मला दिसत होती.

"माझ्याकडनं बघायचं राह्यलं," सर म्हणाले.

मग ते फळ्यापाशी गेले. उणे पाच सरकवला की उणे तीन होतो, तो उणे दोन, तो उणे एक. उणे एक मशीनमध्ये कसा असतो, तर सगळ्या घरांत एकच एक. उजवीकडचा एक बाहेर पडतो, तोवर डावीकडून दुसरा आत येतो. आकडा जागचा हलत नाही. त्यांनी फळ्याच्या तळापर्यंत एकाखाली एक उणे एक लिहिला. भागाकार शून्याकडे नेतो आणि सरकवणं खाली नेतं, म्हणून आकडा उणे असेल तर आधी एक मिळवायचा आणि मग सरकवायचं. परीक्षक खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. त्यांनी आम्हाला तिथेच नियम दुरुस्त करायला लावला, प्रोग्राम चालला आणि आम्ही पास झालो.

व्हरांड्यात मी सरांना गाठलं.

"चुकल्याचं काय न्हाय, बाईसाहेब," ते म्हणाले. "चुकतंच. तुमी व्हय म्हणालात." आणि तळवा मांडीवर पुसत लॅबमध्ये गेले.

त्या जूनला पत्र आलं नाही. 'न तपासता सही' असं कारण कुजबुजलं गेलं. लिहून द्यायची हिंमत कुणाला नव्हती. त्याच महिन्यात कॉलेजच्या फाटकावर 'गुणवत्ता सप्ताह' असा फाटकापेक्षा मोठा फलक लागला होता आणि त्यावर विभागप्रमुखांचा हात जोडलेला फोटो. सरांना निरोप नाही, नारळ नाही. लॅबमधला फळा काढून तिथे काचेचा पडदा बसवला. तळव्यानं पुसता येईल असं तिथे आता काही नाही. मी मात्र त्याच महिन्यात पुण्यात रुजू झाले. खोटं मी बोलले, पगार मला सुरू झाला. इतरांवर हसताना हे मी विसरत नाही.

गेल्या दिवाळीत शेवटी कळसला गेले. इतकी वर्षं का गेले नाही, याचं उत्तर तुम्ही ओळखलंच असेल. सर अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. केस पिकलेले. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, वडिलांचं विचारलं. माफी मागायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, "चा घे आधी."

चहा झाल्यावर मी पर्समधून कागद काढला. आमच्या कंपायलरमध्ये मी घातलेला एक नवा नियम. सरांनी चष्मा लावला आणि बोट ओळीओळीनं खाली उतरलं. एका ओळीवर ते थांबले आणि तळव्याची कड कागदावरून फिरवली, जणू ती पुसली जाईल. "ही कशाला? वरच्यात आलंच की." खरंच आलं होतं. आमच्या कंपनीत चार जणांनी तो कागद पाहिला होता.

बोट शेवटच्या ओळीवर आलं. मी वाट पाहिली. त्यांनी कागदाची घडी घातली.

न राहवून मीच म्हणाले, "सर, उणे एक टाकून बघितलंय."

"मी इचारलं न्हाय, पोरी," ते म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला. मग खडूचा कणही नसलेला उजवा तळवा त्यांनी मांडीवर पुसला.