धुडकू अप्पांचं बोट

लिंबायतच्या लूम कारखान्यांत तुटलेला धागा धुडकू अप्पांइतक्या झटपट जोडणारा कारागीर शोधून सापडला नसता. धागा तुटला की बोट जिभेला लावायचं, दोन टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा, गाठ तयार. एकतीस वर्षं हेच. बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले होते की उकळत्या चहाचा ग्लाससुद्धा त्यांना भाजत नसे.

मग कारखान्यात नवे लूम आले. त्यांना ना दांडा, ना बटण. समोर नुसती काच, तिच्यावर चित्रं. शेठनं सांगितलं, सोमवारी बघतो. ज्याला काच जमेल तो लूमवर, बाकीच्यांनी तागे वाहायचे. साठीच्या, गुडघे गेलेल्या माणसाला तागे वाहायला लावणं म्हणजे घरी बसवणंच. शेठला ते कळत नव्हतं असं नाही.

रविवारी दुपारी अप्पा नातीपुढे मोबाइलची काच शिकायला बसले. हेतवी चार वर्षांची, तिला मोबाइल कुणी शिकवलाच नव्हता. बोट चुकलं की ती खिदळायची, मागं यायची, दुसरीकडे लावायची. अप्पा मात्र चुकायलाच तयार नव्हते. लूमवर चूक म्हणजे अख्खा तागा वाया. माहीत नाही त्याला हात लावायचा नाही, हेच ते जन्मभर शिकले आणि नव्या पोरांना शिकवत आले.

"हेतू, आठे दाबू का? बिघडाव नही ना काही?" एका चित्रावर बोट धरून अप्पा विचारत.

"अप्पा, जोरथी नको ना! नुस्ता हात लाव."

पण अप्पा दाबतच. दहातून एकदा चित्र हलायचं. बाकी वेळी हेतवी मांडीवरून वाकून स्वतःच बोट लावून मोकळी.

सोमवारी शेठसमोर धागा तुटला. बोट जिभेवर गेलं, गाठ बसली. शेठनंही मान डोलावली. अप्पांना वाटलं, जिंकलो. पण लूम काचेवरून चालू करायचा होता. त्यांनी बोट लावलं. काही नाही. दाबलं. काही नाही. घाबरून सवयीनं बोट पुन्हा जिभेला लावलं आणि रेटून दाबलं. चित्र भलतंच आलं, भोंगा वाजू लागला.

"काका, रहेवा दो," लूमची देखभाल करणारा ललित मास्टर म्हणाला. त्याला गाठ मारायला अप्पांनीच शिकवलं होतं. शेठशी बोलता बोलताच त्यानं करंगळी टेकवली आणि लूम चालू झाला. शेठनं अप्पांना हातानंच तागे दाखवले आणि तो पुढच्या लूमकडे वळला. शिवी घातली असती तरी बरं वाटलं असतं.

घरी येताना वाटेत त्यांनी मनाची समजूत घातली: आठ दिवस आणखी शिकू, परत एकदा शेठच्या पाया पडू.

हेतवी मोबाइल घेऊन आलीच. अप्पांचं बोट तिनं मुठीत धरलं आणि स्वतः फिरवलं, अगदी हळू, अगदी बरोबर. चित्र हललं नाही. दुसरं बोट घेतलं, मग तिसरं. मग स्वतःचं लावून बघितलं, लगेच हललं.

"अप्पा, तुन्हं बोट मोबाइलले दिखतच नही," ती म्हणाली आणि खेळायला लागली.

म्हणजे शिकायचं काही उरलंच नव्हतं. ज्या कामानं हे घट्टे दिले, तेच काम घट्ट्यांपायी गेलं. अप्पांनी हात मांडीखाली दडवला आणि उद्या तागे उचलायला जायचं की नाही, याचा विचार करत बसले.