मामांनी डोकं रिकामं ठेवलं

गेल्या महिन्यात सकाळीच करावे गावाहून मामीचा फोन आला. "मामा झोपेतच गेलं रं," एवढंच ती बोलली. नेरूळहून रिक्षाने जाताना मला सारखा मामांचा उजवा हात आठवत होता… त्या हाताचे काही आठवडे माझ्यामुळे वाया गेले होते.

पक्षाघातानंतर तो हात मांडीवर नुसता पडून असे. आयुष्यभर खाडीत जाळं टाकलेल्या मामांना मामी घास भरवायची. कोणी आलं की ते भूक नाही म्हणून तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी एक उपचार सुचवला. डोक्यावर तारांची टोपी घालायची, हात हलवतोय असं मनात आणायचं. मेंदूत तसे संकेत उमटले की समोरच्या पडद्यावर दाखवलेला हात मिटतो. या सरावाने खरा हात सुधारू शकतो. मामांना हुरूप यावा म्हणून मी सांगितलं, "मामा, तुमच्या मनातलं सगळं पडद्यावर दिसतं!" मामा एकदम गंभीर झाले.

मग कितीतरी दिवस पडद्यावरचा हात हलेना. "काका, ग्लास धरताय असं समजा," थेरपिस्टताई विनवायच्या. मामा डोळे मिटून ओठ हलवत. एकदा मी कान लावला. ते पाढे म्हणत होते!

"मामा, हे काय?"

शेजारी बसलेल्या मामीकडे बघत ते कुजबुजले, "मनात काय येवाला नको. तुझे आयशीचं बोईचं कालवन हिच्यापेक्षा बेस लागतं. पडद्याव दिसलं तं?"

मामीने ऐकलंच. "जल्ली मेली ती टोपी! मना लगीन झाल्यापासून ठावं हाय. हात हालवा आदी!"

मी खरं काय ते कबूल केलं. मामांनी मला सणसणीत शिवी हासडली, डोळे मिटले, मनातल्या मनात जाळं ओढलं… आणि पडद्यावरचा हात मिटला. मामीने तोंडाला पदर लावला. ती हातासाठी रडत होती की कालवणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे अंगठा आणि दोन बोटं हलू लागली. बाकीची दोन नाहीतच. सुरुवातीचे दिवस मोलाचे असतात, हे डॉक्टरांचं वाक्य मला टोचत राहिलं. आमच्या शेवटच्या जेवणात मी मामांची माफी मागितली. ते तीन बोटांनी बोई माशाचे काटे काढत होते, सावकाश, बराच वेळ. साफ केलेला तुकडा त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

"लय बोललास. खा."

परवा मामीने बोई वाढली आणि मी उगाच थांबून राहिलो. "आता काय भरवू तुला?" ती म्हणाली. मी काटे काढायला लागलो. पाचही बोटं धड असून एक काटा राहिलाच.