आठ नंबरची थाप

कुको बायेहोचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. चर्चमध्ये सगळे दोन्ही हात उंचावतात तेव्हा कुको एकटाच उजवा वर करतो, उत्तर येत असलेल्या शाळकरी पोरासारखा. पण या हाताने त्याला जन्मभराचं एक सुख दिलं. स्वतःच्या अंगणातलं गवत त्याने कधी कापलं नाही. दर शनिवारी सकाळी आबुंदियो सारातें आपलं यंत्र ढकलत दोन गल्ल्या ओलांडून यायचा, गवत कापायचा, कुकोची बायको एल्विरा देईल ती कॉफी प्यायचा आणि निघून जायचा. पन्नासहून जास्त वर्षं हे चाललं होतं. 'तुझ्या मोडक्या हाताइतकं कमावतं आपल्या घरात दुसरं कोणी नाही,' असं एल्विरा म्हणायची.

हात मोडला कोरियाच्या लढाईत, विमानातून उडी मारताना. टेक्सासमधल्या रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातली, मोसंबीच्या बागांतून थेट फौजेत गेलेली बारा पोरं एकाच विमानात, एकाच रांगेत आली, ती काही शौर्यामुळे नव्हे. यादी करणाऱ्या कारकुनाला त्यांची नावं उच्चारता येईनात, म्हणून त्याने वैतागून सगळी एका कागदावर लोटली. सार्जंटची तीच गत. त्याने नावांचा नाद सोडला आणि पोरांना एक ते बारा नंबर देऊन टाकले. कुको सात, त्याच्या मागे आबुंदियो आठ.

उडीआधी मागच्याने पुढच्याची पाठ तपासायची, असा नियम. एक टोक विमानाला अडकवून हातात धरायचा तो पॅराशूट उघडणारा पट्टा मोकळा आहे ना, काखेखालून गेलेला नाही ना, कुठे पीळ पडलेला नाही ना, हे हाताने चाचपून बघायचं. मग पाठीवर सणसणीत थाप मारायची आणि आपला नंबर ओरडायचा. सुरुवात बारापासून, शेवट एकावर. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ती मागच्याच्या हवाली असते. त्या सकाळी आबुंदियोने थाप मारली, 'आठ, ठीक!' म्हणून ओरडला, आणि थोड्याच वेळात कुको दारातून बाहेर पडला तो पट्टा काखेखाली घेऊनच. पॅराशूट उघडलं, पण हात मोडून.

दवाखान्यात आबुंदियो त्याच्या खाटेशी गुडघे टेकून रडला. "माझी नजर चुकली, कुको. तुझी पाठ माझ्याकडे होती." कुको छताकडे बघत राहिला. आता खरं सांगतो: आबुंदियोची नजर चुकलेली नव्हती. थाप पडल्यानंतर, दाराकडे सरकताना, कुकोने पट्टा या हातातून त्या हातात घेतला होता. कारण त्याला गळ्यातला, आईने दिलेला सान हुआनच्या देवीचा, म्हणजे मेरीमातेचा, बिल्ला काढून त्याचा मुका घ्यायचा होता. तेवढ्यात पट्टा काखेखाली गेला. आणि इकडे आईने घरोघर सांगून ठेवलं होतं की देवीच्या बिल्ल्यानेच माझा लेक वाचला! आता बिल्ल्यापायीच हात मोडला, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती होती तोवर कुको गप्प राहिला. ती गेली तोवर आबुंदियोला गवत कापायला लागून वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि गोष्ट हाताबाहेर गेली होती.

ते बारा जण लढाईवरून परत आले, पण पांगले नाहीत. त्यांनी एकमेकांच्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं, एकमेकांचे कोंपाद्रे झाले, एकमेकांच्या लग्नांत भांडणं केली आणि पुढे एकमेकांच्या शवपेट्यांना खांदे दिले. दर वर्षी मार्चच्या तिसऱ्या रविवारी लासारोच्या परसात ते जमायचे. लासारो म्हणजे तीन नंबर. आदल्या दिवशी खड्ड्यात मेस्कितच्या लाकडाचे निखारे करून त्यात गाईचं मुंडकं पुरलेलं असायचं. पण झाकण उघडायचं ते मोजणी झाल्यावरच. जुन्या क्रमाने रांग करायची, पाठ तपासायची, थाप मारायची, नंबर ओरडायचा. मेलेल्याचा नंबर आला की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, 'हजर!' मेलेल्यांच्या वतीने सगळे ओरडत, जिवंताने मात्र स्वतः यायचं. या वर्षी जिवंत चार होते: तीन, सात, आठ आणि बारा.

आणि आठ नंबर येत नव्हता. साखरेने आबुंदियोचे डोळे नेले होते. दोन शनिवार कुकोच्या अंगणात यंत्र फिरलं नव्हतं आणि गवत घोट्याच्या वर आलं होतं. कुको चौकशीला गेला, तर आबुंदियो ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसलेला.

"रविवारी मी येणार नाही," तो म्हणाला. "माझा नंबर आला की 'हजर' म्हणून टाका."

"अरे, ते मेलेल्यांसाठी असतं!"

"डोळे होते तेव्हा तुझा हात घालवला मी. आता आंधळेपणाने तुझ्या पाठीवर थाप मारून 'ठीक' म्हणू? कोंपाद्रे, मला पुन्हा खोटं बोलायला लावू नकोस."

कुको तसाच मागे फिरला. घरी येऊन त्याने एल्विराला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. ती थांबली, तिने हात पुसले.

"बिल्ल्याचा मुका?"

"हो."

"आणि त्या बिचाऱ्याने उन्हातान्हात आपलं गवत कापलं? मी त्याला कॉफीबरोबर साधं बिस्किटसुद्धा दिलं नाही कधी! म्हाताऱ्या, तुला लाज कशी वाटली नाही?"

"वाटली ना. दर शनिवारी वाटायची."

"आणि दर शनिवारी कापूनही घ्यायचास! रविवारच्या आत त्याला सांगून ये. नाहीतर मीच सांगेन, आणि माझी सांगायची तऱ्हा तुला माहीत आहे."

कुको रविवारी सकाळी गेला. आधी सांगितलं असतं तर बरं, पण भित्र्याला वेळापत्रक नसतं. आबुंदियोच्या ओसरीवर उभं राहून त्याने पट्टा, बिल्ला, आई, सगळं एका दमात सांगितलं. आबुंदियोने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. खुर्चीचं झुलणं थांबलं.

"म्हणजे मी थाप मारली तेव्हा पट्टा नीट होता?"

"अगदी नीट होता."

"नक्की?"

"देवीची शपथ."

"देवीला मध्ये आणू नकोस, तिनेच हा घोळ केलाय." आबुंदियोचा आवाज चढत गेला. "तापातसुद्धा आलो मी तुझ्याकडे. माझ्या स्वतःच्या पोरीच्या लग्नादिवशी आधी तुझं गवत कापलं आणि मग सूट घातला! तीन यंत्रं झिजवली मी!"

"चार," कुको म्हणाला.

"चालता हो माझ्या ओसरीवरून!"

कुको चालता झाला. खरं सांगून मित्र गेला, खोटं ठेवलं असतं तर निदान दोस्ती तरी राहिली असती, असं त्याला वाटेभर वाटत राहिलं. लासारोच्या परसात त्याने कोणाला काही सांगितलं नाही. दुपार झाली. खड्ड्यातून मांसाचा असा वास सुटला होता की बायका-पोरं झाकणाभोवती फिरू लागली. बारा नंबरचा मेनो शेवटी म्हणाला, "चला. आठला काय म्हणायचं ते ठरवा."

कोणी ठरवेना. इतक्यात फाटकाशी गाडी थांबली. लेकीच्या हाताला धरून आबुंदियो उतरला. त्याने काठी आपटली.

"मी जेवायला आलेलो नाही," त्याने जाहीर केलं. "सात नंबरची पाठ कुठे आहे?"

"इथे आहे," कुको म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा निघाला.

रांग झाली. मेनोपासून सुरुवात झाली. "बारा, ठीक!"

"अकरा?" "हजर!" "दहा?" "हजर!" "नऊ?" "हजर!" परसातली पोरंही ओरडली. मेनो मेलेल्यांच्या जागा ओलांडून पुढे आला आणि त्याने आबुंदियोची पाठ तपासून थाप मारली.

आबुंदियोने काठी लेकीकडे दिली आणि दोन्ही हात कुकोच्या पाठीवर ठेवले. बाकीचे अलीकडे नुसतं चाचपल्यासारखं करायचे. आबुंदियोने मात्र कॉलरपासून सुरुवात केली. खांदे, शिवण, पाठीचा कणा, कमरेचा पट्टा. मग त्याची बोटं काखेखाली गेली आणि डाव्या दंडावरच्या जुन्या गाठीशी थांबली.

"इथे?"

"तिथेच."

बोटं तिथे थोडी रेंगाळली. मग पुन्हा पाठीवर आली, पँटच्या गॅलिसवरून खाली सरकली, आणि एकदम थबकली.

"थांबा!" आबुंदियो ओरडला. "ठीक नाही!"

इतक्या वर्षांत या रांगेत हे शब्द कोणी उच्चारले नव्हते. सगळ्यात पुढे उभा असलेला लासारो मागे वळला. बायका बोलायच्या थांबल्या.

"गॅलिसला पीळ पडलाय," आबुंदियो म्हणाला. "डोळस बायकोने सकाळी चढवलेला दिसतोय."

"मला कशाला मध्ये ओढता?" एल्विरा ओरडली, आणि सगळं परस हसायला लागलं. आबुंदियोने गॅलिसचा चिमटा उघडला, पीळ सोडवला, पट्टी अंगठ्याने सपाट केली, चिमटा पुन्हा लावला. मग त्याने हात मागे नेला आणि कुकोच्या पाठीवर अशी थाप हाणली की त्याची टोपी लासारोच्या पायाशी पडली आणि दातांची कवळी जिभेवर आली.

"आठ, ठीक!"

कुकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं थापेचं किती आणि आनंदाचं किती हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने कवळी बसवली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून ओरडला, "सहा?"

"हजर!" आबुंदियोचा आवाज सगळ्यात मोठा होता. जेवायला आलो नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने त्या दुपारी सात टाको खाल्ले.

पुढच्या शनिवारी सकाळी कुको बायेहो, वय त्र्याहत्तर, एका हाताच्या जोरावर नवं विकत आणलेलं यंत्र ढकलत दोन गल्ल्या ओलांडून गेला. आबुंदियोच्या अंगणातलं गवत त्याने कापलं. दोनदा विसावा घेतला, एकदा फुलझाड कापलं आणि ते यंत्राखाली लपवलं. मग तो ओसरीशी येऊन उभा राहिला.

"झालं," तो धापा टाकत म्हणाला.

आबुंदियोने बूट काढले, मोजे काढले आणि काठी टेकत अंगणात उतरला. अनवाणी पायांनी गवत चाचपत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कुंपणापाशी त्याचा तळवा एका राहून गेलेल्या झुपक्यावर पडला. त्याने पाय तिथेच ठेवला, घराकडे तोंड केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

"आठ, ठीक नाही!"

कुकोने यंत्र पुन्हा सुरू केलं.