शके एक, इसवी सन एकोणऐंशी

मुलांनो, मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेवर इंग्रजी तारखेखाली आणखी एक साल कशाला छापलंय, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. तुमच्या आईलाही वाचायला द्या, गोष्ट तिचीच आहे.

साल १९८४. आम्ही अमेरिकेत ईडन प्रेरी गावात राहत होतो आणि तुमची आई सहावीत होती. तिच्या बाईंनी वर्गाला एकच वर्ष दिलं होतं, इसवी सन ७९. प्रत्येकाने एकेक देश घेऊन त्या वर्षी तिथे काय घडलं ते शोधून भिंतीवरच्या लांब कागदी पट्टीवर चिकटवायचं. इटलीवाल्या मुलाचं काम सोपं होतं. व्हेसुव्हियस फुटला, पाँपेई राखेखाली गेलं, शिवाय रोमचा म्हातारा सम्राटही त्याच वर्षी वारला. चीनवालीला सापडलं की तिथल्या बादशहाने विद्वानांना बोलावून जुन्या ग्रंथांवर चर्चा घडवली. भारत आपसूकच तुमच्या आईकडे आला, कारण वर्गात भारतीय ती एकटीच. लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं चाळूनही तिला त्या वर्षाचं काही मिळेना. बाई म्हणाल्या, जागा कोरी राहिली तरी काही बिघडत नाही. तिचं मात्र फार बिघडत होतं.

तुमच्या आजोबांनी छातीठोकपणे सुचवलं, शालिवाहन शक लिही. पण तो सुरू झाला ७८ साली, आणि बाईंना ७९ सोडून काही चालत नव्हतं.

"यू मिस्ड इट बाय वन इयर, बाबा," असं म्हणून ती खोलीत जाऊन बसली.

त्याच आठवड्यात पाडवा आला. बाहेर अजून बर्फ होता, म्हणून गुढी आम्ही बैठकीच्या खिडकीशी आतच उभारली. आजोबा स्वेटरवर उपरणं घेऊन संकल्प म्हणू लागले. "शालिवाहन शके एकोणीसशे सहा" इथवर आले, तोच तुमच्या आईने त्यांना थांबवलं. एकोणीसशे सहा म्हणजे आज नाइन्टीन एटी-फोर, फरक अठ्ठ्याहत्तरचा. "मग शके वन म्हणजे सेव्हन्टी-नाइन ना?"

आजोबा पळी हातात धरून उभे. इंजिनिअर माणूस, एकाचा फरक सहन होईना. शक ७८ लाच सुरू झाला, असं त्यांनी पुन्हा बजावलं.

"मग तुमचा मंत्र चुकलाय," ती म्हणाली.

कुणाचंच चुकलं नव्हतं. माझ्या वडिलांनी मला लहानपणी शिकवलेलं तेव्हा कामी आलं. आपलं पंचांग पूर्ण झालेली वर्षं मोजतं. मी तिला म्हटलं, "तू जन्मलीस त्या दिवशी तुला एक वर्षाची म्हणालो का आम्ही?" मोजणी सुरू झाली ७८ साली, पहिलं वर्ष भरलं ७९ च्या पाडव्याला, म्हणून शके एक तेव्हापासून.

"आता पुढचं म्हणू का?" आजोबांनी तिलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती "इयर वन" लिहिलेला कागद घेऊन शाळेत गेली, तेव्हा बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात मिळालं? तिने सांगितलं, आमच्या घरी दरवर्षी म्हणतात. बाईंनी फळ्यावर वजाबाकी करून पाहिली आणि डिंकाची बाटली तिच्या हातात दिली. मी तिला बजावलं होतं की ७९ साली कुणी हा आकडा लिहिल्याचं आपल्याला ठाऊक नाही, आणि शालिवाहनाचं नावही या शकाला पुष्कळ नंतर चिकटलं. म्हणून तिने "इयर वन" खाली बारीक अक्षरात "आमच्या मोजणीने" असं इंग्रजीत लिहिलं.

ती पट्टी शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीत काढून टाकली. आजोबाही आता नाहीत. पाडव्याचा संकल्प तुमची आई म्हणते, आणि आकडा दरवर्षी एकाने पुढे जातो.