वरून बघणाऱ्या मावशी

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. वय सत्तेचाळीस, आणि बाकीची बहुतेक तिशीच्या आतली, मग दुसरं काय म्हणणार? काम काय, तर कॉम्प्युटरवरचे खेळ बाजारात जाण्याआधी खेळून त्यांतल्या चुका काढायच्या. लोक म्हणत, मजा आहे बाई तुझी! एकच लढाई दिवसातून साठ वेळा खेळून बघा म्हणावं, मजा कुठल्या कुठे पळेल.

मावशीचा हातखंडा टोळीच्या लढायांत. ढालवाला, तिरंदाज, मांत्रिक आणि जखमा बऱ्या करणारी वैदीण, अशी चौघं एकाच खेळाडूच्या ताब्यात. लढाई मध्येच थांबवायची, वरून सगळं रण बघायचं आणि ज्याला त्याला हुकूम सोडायचा, तू दार अडव, तू मागे सरक. कॅमेरा असा डोक्यावर असला की कोण कुठे चुकतंय ते मावशीला चटकन दिसे. एकोणीस वर्षं दिसलं.

मग नव्या खेळात दुसरा कॅमेराही आला, थेट लढणाऱ्याच्या खांद्यामागे. तो वळला की सगळं जग गर्रकन वळायचं. पाच मिनिटांत मावशीला गरगरायला लागे, पोटात ढवळून येई. दोनदा बाथरूममध्ये ओकून आली, तोंड धुतलं, कुणाला सांगितलं नाही. नवरा कमरेतून अधू, घरात कमावणारी ती एकटी. हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर नारळच मिळाला असता.

ओळखलं ते फक्त शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांनी. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर.

"मावशी, तुमचं खांद्यामागचं मी खेळतो. माझं वरचं तुम्ही खेळा," एवढंच म्हणाले. केलेल्या कामाच्या तक्त्यात मात्र ज्याने त्याने आपल्याच नावापुढे खूण करायची, जणू स्वतःच तपासलंय. दीड वर्ष बिनबोभाट चाललं.

एका दुपारी मास्तर साहेबांना न सांगता दाढ काढायला गेले. त्यांची एक लढाई राहिली होती, अरुंद पुलावरची. ती मावशीने त्यांच्या नावावर उरकली. वरून तीनदा खेळली, सगळं ठीक. खांद्यामागूनही बघायचं होतं, पण डोकं सकाळपासूनच उठलेलं. एक दिवस नाही बघितलं तर काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून तिने खूण करून टाकली.

कोसळलंच. खेळ बाजारात गेला आणि पुलावर पोचलेल्या हजारो खेळाडूंचा खांद्यामागचा कॅमेरा शेजारच्या कड्यात घुसला. डोळ्यांपुढे नुसता काळा दगड, आपली माणसं दिसेनात, आणि शत्रू आपला मारतोय. शिव्यांचा भडिमार झाला. साहेबांनी तक्ता काढला. पुलापुढे नाव मास्तरांचं.

"नजरचूक झाली," मास्तर म्हणाले. साहेबांनी महिनाअखेर जा म्हणून सांगितलं, तरी मास्तरांनी मावशीकडे वळूनही बघितलं नाही.

तीन रात्री मावशीने तळमळत काढल्या. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त होती. चौथ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली.

"पुलाची खूण माझी आहे. मास्तरांना ठेवा, मला काढा."

"मग तुम्ही खांद्यामागून का नाही बघितलंत?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. तिने चक्कर सांगितली, ओकाऱ्या सांगितल्या, दीड वर्ष खांद्यामागून बघितलंच नाही हेही सांगितलं.

"अच्छा. मग तुमच्या नावापुढच्या त्या सगळ्या खुणा कुणाच्या?"

बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी पंचाईत. साहेब काही दूधखुळे नव्हते. मास्तरांना बोलावलं, दोघांच्या खुणा शेजारी शेजारी मांडल्या आणि अर्ध्या तासात निकाल लावला. खोटं दोघांनी लिहिलं, तर जातील दोघं, आणि आजच.

खाली फाटकाशी दोघं आपापली पिशवी घेऊन थांबली. मास्तर रागावले नव्हते, नुसते दमलेले दिसत होते.

"मी गेलो असतो ना मावशी," ते म्हणाले. "मी एकटा जीव सदाशिव, कुठेही भागलं असतं. तुमची नोकरी राहावी म्हणून तर तोंड मिटून बसलो होतो."

"मला झोप लागत नव्हती, मास्तर."

"आता लागेल," मास्तर म्हणाले, आणि बसथांब्याकडे चालू लागले.